तिसरा हिस्सा, जिन्याशिवाय

हार्लो, मॅसॅच्युसेट्स
१२ मे १७७६

ईनॉक यांस,

तुमचं हॅलिफॅक्सचं पत्र पोचलं. उघडंच पोचलं. इंग्लंडच्या राजाच्या मुलखातून येणारी आणि तिकडे जाणारी पत्रं आता गावाची समिती आधी वाचते, मग मालकाला मिळतात. आपल्या गावात वाचायचं काम लेव्हाय थॅक्स्टरकडे आहे. तुमचाच जिवलग, तुमच्याच टेबलाशी बसून कायद्याची भाषा शिकलेला. तेव्हा हे पत्र तुमच्याआधी त्याच्या हातात पडणार. लेव्हायभाऊजी, सावकाश वाचा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

इथे सगळं ठीक आहे. गाय ठीक आहे, फक्त ती आता आपल्याकडे नसते, राजाशी लढणाऱ्या सैन्याला दूध लागतं म्हणून समितीने नेली. पुढच्या खिडकीच्या काचा फुटल्या आहेत, पण वारा येतो तो उन्हाळ्यात बराच वाटेल. तुमची बंदूक मी स्वतःच दिली, म्हणजे घरात शिरून शोधाशोध झाली नाही. चर्चमध्ये माझ्या बाकावर माझ्याशेजारी कुणी बसत नाही, त्यामुळे ऐसपैस बसायला मिळतं.

तुम्ही विचारता, जहाज बोस्टनच्या धक्क्याला लागलं होतं, सामान बांधलेलं होतं, तरी मी आले का नाही. ईनॉक, सामान तुम्ही बांधलंत. मी आदल्या दिवशीही नाही म्हणाले होते. राजाच्या सहीने तुम्ही न्यायाधीश झालात, त्याचा तुम्हाला अभिमान आहे आणि तो असावा. गावाने तुम्हाला खानावळीसमोर दोन रांगांमधून उघड्या डोक्याने चालवलं आणि राजीनामा मोठ्याने वाचायला लावला, तेव्हा मी तिथेच उभी होते. त्या रांगेत लेव्हायही होता, हे तुम्ही विसरणार नाही, आणि विसरू नका. पण त्या दिवशी टोपी तुमची उतरली. घर उतरलं नाही. घराला सोडून जायचं कारण मला दिसत नाही.

तुम्ही म्हणालात, तीन महिन्यांत राजाचं सैन्य परत येईल. मग तीन महिने कुणीतरी घर राखायलाच हवं. मका पेरला आहे. नासपतीला फुलं चांगली आली.

चहाबद्दल चिडवलंत, ते वाचून बरं वाटलं. हो, अजून पीत नाही. आम्ही बायकांनी चर्चमध्ये हात वर करून सांगितलं होतं, राजाच्या कराचा चहा घरात येणार नाही. तुम्ही तेव्हा हसला होतात. रासबेरीची पानं वाळवून उकळते. चव तुम्ही म्हणता तशीच आहे, ओल्या गवताची.

तुमची पत्नी,
टॅबिथा

हार्लो, २० मे १७७९

ईनॉक यांस,

कैद्यांच्या अदलाबदलीचं जहाज जातंय, त्यातून हे पाठवते. थोडक्यात लिहिते.

हद्दपारांच्या यादीत तुमचं नाव छापून आलं. चर्चच्या दारावर लावली होती. परत आलात तर पकडून जहाजावर चढवतील, पुन्हा आलात तर फाशी. म्हणून येऊ नका. हे मी तुमच्यावरच्या मायेपोटी लिहिते आहे, लेव्हायभाऊजींनी त्याचा वेगळा अर्थ काढू नये.

तुम्ही लिहिता की मूलबाळ नाही, पाश नाही, तेव्हा निघून येणं सोपं आहे. मला ते उलटं दिसतं. मूलबाळ नाही, म्हणून म्हातारपणी डोक्यावर छप्पर माझं मलाच धरून ठेवायला हवं. मार्चमध्ये गावसभा झाली. सभेनंतर खानावळीत नेहमीसारखा निराधारांचा लिलाव झाला. यंदा त्यात केझाया पूल होती. माझ्या लग्नात जिने माझे केस विंचरले, तीच केझाया. मुलगा लढाईत गेला, घर पडलं. तिला दारूच्या पिंपाशेजारी उभं केलं आणि विचारलं, हिला पोसायला गावाकडून सगळ्यांत कमी पैसे कोण घेईल? गुराला जास्तीत जास्त भाव येतो, माणसाला कमीत कमी. सगळ्यांत कमी लेव्हाय म्हणाला. ती आता त्याच्या लाकडांच्या खोपटात झोपते आणि दिवसभर सूत कातते.

मी तिथे होते, ईनॉक. केझाया माझ्याकडे बघत नव्हती, आणि मी तिथून हलले नाही. त्या पिंपाशेजारी मी कधी उभी राहणार नाही, असं मी तिथेच ठरवलं.

हॅलिफॅक्सला आले तर तुमच्याबरोबर भाड्याच्या खोलीत मासे खाईन, हे खरं. पण तुमच्यानंतर माझं काय, याचं उत्तर तुमच्या एकाही पत्रात नाही.

बोस्टनमध्ये नवा कायदा झाला आहे. पळून गेलेल्यांची मालमत्ता सरकारजमा होणार. त्यात बायकांबद्दलही काही आहे. त्याबद्दल पुन्हा कधी.

टॅबिथा

हार्लो, ३ जुलै १७८१

ईनॉक यांस,

हे पत्र टपालाने नाही, एका खलाशाच्या हाती देतेय. लेव्हाय वाचणार नाही. म्हणून जे आजवर लिहिलं नाही ते लिहिते. बसून वाचा.

घर गेलं. तुम्ही राजाकडे गेलात म्हणून सरकारने जप्त केलं आणि लिलावात काढलं. घेतलं लेव्हायने. पण त्याला मिळाले तीनातले दोन हिस्से. तिसरा माझा आहे.

कायदा असा आहे: नवरा मेला की विधवेला तिच्या हयातीपर्यंत घराचा आणि जमिनीचा तिसरा हिस्सा मिळतो. आणि पळून गेलेल्याची बायको गाव सोडून गेली नसेल, तर तिला तिचा नवरा मेल्यासारखंच धरायचं. मी तसा अर्ज केला. माझ्या हाताने लिहिला, माझ्या नावाने. "अर्जदार टॅबिथा विन्स्लेड, जिचा नवरा कायद्याने मृत आहे." तुम्हाला वाईट वाटेल. मला लिहितानाही वाटलं. पण लिहून झाल्यावर मी पाहिलं, की जन्माला आल्यापासून माझ्या नावापुढे एखादी वस्तू माझी म्हणून पहिल्यांदाच लिहिली गेली होती. आधी वडिलांची मी होते, मग तुमची. माझं म्हणून काही नव्हतं, मी अंगावर घालते ती ओढणीसुद्धा कायद्याने तुमची होती. हे मला कधी खटकलं नव्हतं. आता खटकतं.

हिस्सा पाडायला गावाने तीन जण नेमले. चर्चचे कारभारी नेहेमाया डॉज आणि त्यांचे दोन सोबती. सकाळपासून दोरी घेऊन घरभर फिरले. आपल्या घराची खडूने केलेली वाटणी तुम्ही पाहायला हवी होती. माझी पूर्वेची खोली. तिच्यावरची माडी. तळघराचा एक कोपरा. स्वयंपाकघरातून ये-जा करायचा हक्क, आणि शनिवारी त्या भट्टीत पाव आणि घेवड्याचं मडकं लावायचा हक्क. पूर्वेकडची बाग नासपतीच्या झाडापर्यंत, जे काही तिच्यात आहे त्यासकट.

डॉजकाकांनी कागद मोठ्याने वाचला. वाचून संपल्यावर मी दोन गोष्टी ताडल्या. एक, मला माडी दिली होती, पण जिना दिला नव्हता. जिना लेव्हायच्या बाजूला आहे, त्याबद्दल कागदात अवाक्षर नव्हतं. तिघेही शहाणे लोक, दिवसभर त्या जिन्यावरून वरखाली करत होते, आणि पायाखालची गोष्ट लिहायची राहून गेली.

दुसरी गोष्ट काय ताडली ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, अजूनही लिहीत नाही. खलाशी नवखा आहे, पत्र लेव्हायच्या हाती पडलं तर?

लेव्हायला पहिली गोष्ट दुसऱ्या दिवशी उमगली. मी पांघरुणं घेऊन जिन्याशी गेले, तर हा तिथे हातोडी घेऊन फळी ठोकतोय.

म्हणाला, "वहिनी, कागदात जिना कुठे आहे दाखवा."

"नाही कागदात."

"मग? मी कागदाबाहेर जाणारा माणूस नाही. तुम्हाला माडी दिली आहे, ती तुम्ही खुशाल वापरा. कसं जायचं ते तुमचं तुम्ही बघा."

आणि मग जरा खालच्या आवाजात, जणू माझ्या भल्याचं सांगतोय असं, "त्यापेक्षा हिस्सा मला लिहून द्या. तुमच्यासाठी चुलीजवळ एक कोपरा ठेवीन. केझायाला ठेवलंय तसा."

मी डॉजकाकांची सफरचंदं उतरवायची शिडी मागून आणली, बागेतून माडीच्या खिडकीला लावली, आणि पांघरुणं डोक्यावर घेऊन चढले. या वयात, परकर सावरत. रस्त्यावर लोक थांबून बघत होते. चर्चमध्ये माझ्या शेजारी न बसणाऱ्या बायका खाली उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीने शिडीचा पाय धरला. आता रोज त्याच वाटेने जाते.

तुम्ही या कागदाला काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. मी तुम्हाला जिवंतपणी पुरलं असं म्हणाल. मी तुम्हाला पुरलेलं नाही. तुम्ही गेलात, आणि मागे जे उरलं ते मी माझ्या नावावर करून घेतलं.

टॅबिथा विन्स्लेड

हार्लो, ९ फेब्रुवारी १७८२

ईनॉक यांस,

तुमच्या उत्तरात "पुरलंस" हा शब्द आहेच. इतकी वर्षं लांब राहूनही मी तुम्हाला ओळखते. असो. तुम्ही चिडला आहात तरी खालची हकीकत वाचाल, कारण लेव्हायची फजिती तुम्हाला माझ्यापेक्षाही प्यारी आहे.

आता दुसरी गोष्ट सांगते. डॉजकाकांनी "बाग, जे काही तिच्यात आहे त्यासकट" असं वाचलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपली विहीर आली. विहीर नासपतीच्या अलीकडे आहे. म्हणजे ती माझी. आणि लेव्हायला पाणी घ्यायचा हक्क त्या कागदात कुठेही नाही. जसा मला जिन्याचा नाही, तसा त्याला विहिरीचा नाही.

उन्हाळाभर मी गप्प बसले. त्याची बायको हेप्झिबा रोज सकाळी बादल्या घेऊन येई, मी नमस्कार करी आणि बाजूला होई. उन्हाळ्यात विहीर बंद केली असती तर त्यांनी ओढ्यावरून पाणी आणलं असतं आणि माझ्या हातात काही राहिलं नसतं. मला ओढा गोठायला हवा होता. जानेवारीत तो तळापर्यंत गोठला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर झाकण टाकलं, लोहाराकडून आणलेलं कुलूप लावलं आणि तिथेच स्टूल टाकून मोजे विणत बसले.

लेव्हाय आला. घोडे तहानलेले, गुरं हंबरतायत.

मी म्हटलं, "भाऊजी, कागदात विहीर कुठे आहे दाखवा."

त्याने खिशातून कागद काढला आणि त्या थंडीत उभ्याने वाचला. वाचून झाल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. मला म्हणाला, हा डाव आहे, मी कोर्टात जाईन, समितीत जाईन, बोस्टनला जाईन. मी म्हटलं, जा, बोस्टनला पाणी आहे. तो बर्फ वितळवायला गेला. घरभर माणसं, दोन घोडे आणि गुरं असताना बर्फ वितळवून किती दिवस निघतात, हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण पाणी त्याने कधी भरलेलंच नाही.

संध्याकाळी हेप्झिबा आली. हात भाजलेले, बर्फाच्या कढया उचलून उचलून. माझ्या स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली. मी ओशाळले, कारण तिच्याशी माझं भांडण नव्हतं.

ती म्हणाली, "टॅबिथाबाई, काय हवंय ते मला सांगा. त्यांना नका सांगू."

मी सांगितलं, जिना हवा. कागदावर, डॉजकाकांच्या सहीने, ये-जा करायला कायमचा. आणि केझाया हवी.

"केझाया?"

"खोपटात मरेल ती या थंडीत. माझ्या खोलीत आणते. तिच्या पोसण्याचं गावाकडून जे मिळतं ते लेव्हायने ठेवावं, मला नको. माणूस द्या."

हेप्झिबा म्हणाली, "त्यांना जिना फार मोठा वाटतो हो, कारण पाणी त्यांना भरावं लागत नाही." उठली आणि घरात गेली. थोड्या वेळाने खिळे उपसल्याचा आवाज आला. ती स्वतः फळी काढत होती, लेव्हाय मागून ओरडत होता, आणि ती काढत होती.

डॉजकाका दुसऱ्या दिवशी आले. कागदाखाली दोन ओळी वाढवल्या. जिना तिचा, ये-जा करण्यापुरता. पाणी त्याचं, भरण्यापुरतं. सही करताना पुटपुटले, की वाटणीच्या दिवशी आपण तिघांनी सफरचंदाची दारू जरा जास्तच घेतली होती. मी म्हटलं, काका, तुमच्या दारूचे माझ्यावर उपकार आहेत.

केझाया आता खाली झोपते, शेकोटीशी. अजून फारशी बोलत नाही. काल मात्र तिने आपण होऊन माझे केस विंचरून दिले. पांढरे किती झालेत ते सांगितलं, आणि मी रडले. तेवढं एकदाच.

शिडी मी परत केली नाही. डॉजकाका म्हणाले, ठेव.

टॅबिथा विन्स्लेड

हार्लो, १८ ऑक्टोबर १७८३

ईनॉक,

तुमचं लांबलचक पत्र मिळालं, आता कुणी न उघडता. वकिलाने लिहिल्यासारखं आहे, आणि बहुधा तसंच असेल. युद्ध संपलं, तह झाला, आणि तहात म्हटलं आहे की काँग्रेस, म्हणजे इथलं नवं सरकार, राज्यांना शिफारस करेल, जप्त केलेल्या मालमत्ता परत द्या. म्हणून तुम्ही वसंतात हार्लोला येणार, कोर्टात अर्ज लावणार, आणि सगळं घर परत मिळवणार. "आपलं घर," असं तुम्ही तीनदा लिहिलंय.

आधी शिफारशीचं सांगते. गावसभेत तो तह मोठ्याने वाचला. शिफारस हा शब्द आला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी घोड्यासारखं फुरफुरलं आणि सगळी सभा हसली. लेव्हायही हसला. आठ वर्षं या लोकांनी राजाचा हुकूम मानला नाही, ते काँग्रेसच्या शिफारशीने जमिनी परत देतील, असं हॅलिफॅक्सहून दिसत असेल. इथून दिसत नाही.

आता माझं ऐका. तुम्ही अर्ज लावलात आणि हरलात, तर काय? सभेनंतर लेव्हायने मला वाटेत गाठलं. आता तो चढ्या आवाजात बोलत नाही, वय झालंय त्याचंही. म्हणाला, "वहिनी, ईनॉक ज्या दिवशी न्यायाधीशासमोर जिवंत उभा राहील, त्या दिवशी तुमचं विधवापण संपलं. आणि खोली विधवेची आहे."

मी डॉजकाकांना विचारलं, हे खरं का. ते फार वेळ दाढी खाजवत बसले. शेवटी म्हणाले, मेलेला माणूस चालत आला तर काय करायचं, याची कायद्यात सोयच नाही, पण लेव्हायची बाजू भक्कम दिसते.

आणि तुम्ही जिंकलात, तर? मग सगळं घर तुमचं. जिना तुमचा, विहीर तुमची, पूर्वेची खोली तुमची, आणि मी पुन्हा तुमच्या घरातली एक वस्तू. तुम्ही चांगले आहात, हात उचलणारे नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्हाला वाटलं की घर विकून नव्या वस्तीत जमीन घ्यावी, तर मला विचारायची तुम्हाला गरज पडणार नाही. मग केझाया कुठे जाईल? आणि तुमच्यामागे मी कुठे?

हरलात तरी माझा हिस्सा जातो, जिंकलात तरी जातो. तुमच्या एवढ्या पानांत हे कुठेच आलेलं नाही. तुम्हाला ते सुचलंच नाही, यात तुमचा दोष धरत नाही. मलाही पूर्वी सुचलं नसतं.

म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्ही अर्ज घेऊन कोर्टात आलात, तर मीही येईन. न्यायाधीश विचारतील, हा माणूस कोण? मी बायबलावर हात ठेवीन. तुमच्याकडे नीट बघीन. तुमच्या भुवईवरची ती खूण, कुऱ्हाड निसटली तेव्हाची, मीच बांधली होती. ती बघीन आणि सांगेन, मी यांना ओळखत नाही, माझा नवरा मेला. आजवर मी खोटी शपथ घेतलेली नाही. ही घेईन, आणि देवाला त्याचा हिशोब मी स्वतः देईन. माझा विचार बदलेल असं समजून बोस्टनच्या वकिलाला पैसे देऊ नका.

एवढं सांगितल्यावर दुसरं सांगते.

मला तुमची आठवण येते. ती रोज येते असं लिहिलं तर खोटं होईल, पण शनिवारी मडकं लावताना येते. तुम्हाला घेवडा जरा करपलेला आवडायचा. मी अजून करपवते, आणि केझाया नाक मुरडते.

अर्ज न आणता येणार असाल तर या. मेच्या शेवटी या, रस्ते वाळलेले असतात. गावातून येऊ नका, ओढ्याच्या बाजूने या, थेट माझ्या बागेत निघाल. नाव कुणाला सांगू नका. केझायाला मी सांगून ठेवलंय की माझे एक दूरचे नातलग येणार आहेत, उत्तरेकडचे, मासे खाऊन कंटाळलेले. ती हसली. तुम्हाला तिने ओळखलं तरी ओळख देणार नाही, तेवढी ती माझी आहे. हेप्झिबाला दिसलात तर तिला काही दिसणार नाही, असं तिने आपण होऊन सांगितलं आहे.

जिना माझा आहे, पण तो लेव्हायच्या स्वयंपाकघरातून जातो. तेव्हा तुम्ही शिडीने या. ती पूर्णपणे माझी आहे. पायऱ्या मजबूत आहेत, चौथी तेवढी सांभाळा. खिडकी उघडी ठेवीन.

वर आलात की टोपी काढायची गरज नाही.

चहा मिळणार नाही. तो या घरात अजून येत नाही. रासबेरीची पानं उकळून देईन, आणि ती तुम्ही मुकाट्याने प्याल, कारण पाहुणे आहात.

टॅबिथा विन्स्लेड,
तिसऱ्या हिश्शाची मालकीण